ड्रम किट घेताना ड्रमवर सगळ्यात कमी पैसे घाला

बँडमध्ये नुकतीच वाजवायला लागलेल्या एका मुलीने गेल्या आठवड्यात मला चार किटचे फोटो पाठवले आणि खाली एकच प्रश्न, ताई यातलं कुठलं घेऊ? चारही फोटोत पाच पाच ड्रम, चकचकीत लाल नाहीतर काळा रंग, वर दोन-तीन सिंबल म्हणजे धातूच्या थाळ्या, सोबत स्टूल, स्टिक्ससुद्धा, आणि चारही तिच्या बजेटमध्ये बसणारे. मी उत्तर टाइप करायला बसले आणि ते इतकं लांबत गेलं की म्हटलं नीट लिहूनच काढू, कारण हाच प्रश्न कधीतरी मी पण विचारला होता आणि मला मिळालेलं उत्तर होतं, जे सगळं एकत्र मिळतंय ते घेऊन टाक.

मी तेच केलं होतं. एका बॉक्समध्ये सगळं, आणायचं, जोडायचं, वाजवायचं. पहिले दोन महिने मी इतकी खूश होते की काही खटकलंच नाही. मग आम्ही चौघं आठवड्यातून दोनदा बसायला लागलो, तीन तीन तास, आणि एकेक गोष्ट जाणवायला लागली. आधी स्टूल, त्याचा नट पकड धरेना, गाणं चालू असताना सीट हळूहळू खाली जायची. मग पायाने बास ड्रम वाजवायचं पेडल, त्याचा बीटर, म्हणजे ड्रमवर आपटणारी हातोडी, परत यायला वेळ लावायचा, त्यामुळे लागोपाठ दोन किक मारायच्या असल्या की दुसरी कायम मागे पडायची आणि मला वाटायचं माझा पायच कच्चा आहे. हाय-हॅट, म्हणजे एकावर एक बसवलेली सिंबलची जोडी, पायाने बंद केली तरी तो नेमका "चिक" काही यायचा नाही, नुसती खरखर. आणि साधारण सहाव्या महिन्यात क्रॅशची, म्हणजे जोराचा ठोका द्यायच्या सिंबलची, कड आधी दुमडली आणि मग तिथूनच आत चांगला दोन बोटं लांब तडा गेला. पुढच्या वर्षभरात त्या किटमधलं जवळजवळ सगळं बदललं गेलं, फक्त ड्रम सोडून. पुढे बदललेला स्नेअर, म्हणजे खाली तारा असलेला ड्रम, सोडला तर ड्रम आजही तेच आहेत. पाच वर्षं झाली, त्याच स्वस्तातल्या पॉप्लर लाकडाच्या शेलवर मी वाजवतेय आणि बाहेरचा कोणी ड्रमर येऊन बसला की हमखास विचारतो, किट कुठलं आहे हे?

तर माझं म्हणणं सगळं यातूनच आलंय. पैसे मोजके असतील तर जे पायाखाली आणि बुडाखाली असतं आणि ज्याचा आवाज नंतर बदलता येत नाही, त्याला आधी पैसे द्या. लाकडाचा नंबर शेवटी.

कारण ड्रमचा आवाज बराचसा तुमच्या हातात असतो. शेल म्हणजे एक पोकळ नळकांडं, त्याला वरखाली दोन हेड ताणलेली, वरचं बॅटर आणि खालचं रेझोनंट, आणि आपल्याला ऐकू येतं त्यातला मोठा वाटा या हेडचा, ती कशी ताणलीत त्याचा आणि शेलच्या कडेचा असतो. मेपल, बर्च, महोगनी, पॉप्लर यांच्यात फरक आहेच, मी नाही म्हणत नाही, पण तो फरक ऐकू यायला आधी हेड चांगली हवीत आणि ट्यूनिंग नीट हवं, आणि स्वस्त किटवर येणारी हेड बऱ्याचदा अशी पातळ, निर्जीव असतात की त्यांच्यावर महागातलं मेपलसुद्धा खोक्यासारखं वाजेल. पूर्वी ड्रमला वासराचं कातडं असायचं, हवा दमट झाली की ढिलं आणि कोरडी झाली की ताठ. १९५० च्या दशकाच्या मध्यावर प्लास्टिक फिल्मची हेड आली, रेमो कंपनी त्यातूनच १९५७ साली उभी राहिली, आणि तेव्हापासून कोणालाही त्याच ड्रमचा आवाज एका संध्याकाळीत बदलून टाकता येतो. हा आपल्यासारख्या कमी बजेटवाल्यांसाठी फार मोठा आधार आहे.

माझ्या टॉमचं, म्हणजे किटमधल्या तारा नसलेल्या मधल्या आकाराच्या ड्रमचं, पहिल्यांदा हेड बदललं ती संध्याकाळ मला अजून आठवते. ड्रम कीने, म्हणजे ड्रमच्या किल्लीने, हेड ताणणारे सगळे रॉड काढले, हेडवरची हूप म्हणजे कडं उचललं, जुनं हेड काढलं तर मधोमध वाटीसारखा खोलगट खड्डा पडलेला. शेलच्या कडेवरची धूळ आणि लाकडाचा भुसा कोरड्या फडक्याने पुसला, नवं दोन थरांचं हेड ठेवलं, वर हूप, आणि सगळे रॉड आधी नुसते बोटांनी घट्ट केले. मग तळहाताने मधे दाबून बसवलं, थोडी करकर होते, ती ऐकून घाबरायचं नाही, नवं हेड बसताना गोंद तसा आवाज करतो. मग समोरासमोरचे रॉड अर्धा अर्धा फेरा, एक इकडचा की लगेच त्याच्या समोरचा, शेजारचा कधीच नाही. आणि मग प्रत्येक रॉडच्या समोर कडेपासून इंचभर आत स्टिकच्या टोकाने हलकेच टक टक करत गोल फिरायचं आणि सगळीकडे एकच सूर येतोय का ऐकायचं. एका ठिकाणी सूर खाली होता, तिथे की पाव फेरा दिली आणि टॉम एकदम "डूम" करून लांब वाजला. त्याच्या आधी दीड वर्षं तो "टप" वाजत होता. तोच ड्रम होता हो.

हेडचं थोडक्यात सांगते. एका थराचं हेड साधारण १० मिल जाडीचं असतं, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, आवाज मोकळा आणि लांब, पण जोरात मारणाऱ्यांकडे लवकर खड्डे पडतात. दोन थरांचं, ७ अधिक ७ मिल वगैरे, जास्त टिकतं आणि गुंजणं थोडं आवरतं, बँडच्या प्रॅक्टिसला टॉमवर मी हेच सांगेन. स्नेअरवर एका थराचं कोटेड, म्हणजे वर पांढरा खरखरीत लेप असलेलं. स्नेअरच्या खालचं हेड मात्र वेगळंच असतं, जेमतेम ३ मिलचं, त्यावर चुकून स्टिक किंवा बोट जोरात लागलं तरी जातं, त्यामुळे स्नेअर उलटा ठेवताना जपा. बास ड्रमला कडेने आतून रिंग असलेलं हेड घ्या आणि आत एक लहान उशी बॅटर हेडला जेमतेम टेकेल अशी ठेवा, बाकी काही लागत नाही.

आता सिंबल. इथे मात्र दुरुस्ती नावाचा प्रकार नाही. सिंबल ट्यून होत नाही, त्याला हेड नसतं, तो जसा आला तसाच वाजणार, आणि प्रॅक्टिसमध्ये सगळ्यात जास्त वेळ कानावर तोच पडत असतो, कारण ठेका हाय-हॅट नाहीतर राईड या मोठ्या सिंबलवर चालू असतो. बॉक्समधल्या किटबरोबर येतात ते बहुतेक वेळा पितळेचे, म्हणजे तांबं आणि जस्त, मारलं की पातेल्याचं झाकण पडल्यासारखा आवाज आणि कडा लवकर वाकतात. त्याच्या वर ब्राँझ, म्हणजे आपलं कासं, तांबं आणि कथील. त्यातही दोन मुख्य प्रकार ऐकायला मिळतील, बी-८ म्हणजे ९२ टक्के तांबं आणि ८ टक्के कथील, आणि बी-२० म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. बी-८ साधारणपणे पत्र्यातून कापून घडवतात, आवाज चमकदार आणि थोडा सरळ. बी-२० बहुतेक ओतीव, आवाज भरलेला, त्यात बऱ्याच छटा, आणि महाग. सिंबल बनवणारं झिल्जियन घराणं १६२३ पासून, कॉन्स्टँटिनोपलमध्ये सुरुवात झाल्यापासून, या तांब्या-कथिलाच्या मिश्रणावरच जगतंय. पण बी-८ म्हणजे हलकं असं मनात धरू नका, पाइस्टे कंपनीची '२००२' नावाची मालिका बी-८ ची आहे आणि कितीतरी नामांकित रॉक ड्रमर आयुष्यभर तीच वाजवत आले. कानाने ठरवा. मारा, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबा, दुकानात लोक दोन सेकंदात पुढच्या सिंबलवर जातात, ते करू नका, शेवटची गुणगुण कशी आहे त्यातच धातू कळतो.

आणि सगळे एकदम घ्यायची गरज नाही! आधी चांगली १४ इंची हाय-हॅट. मग एकच १८ किंवा २० इंची क्रॅश-राईड, जिच्या कडेवर मारलं की क्रॅश आणि अंगावर मारलं की राईड. या दोन गोष्टींवर मी वर्षभर पूर्ण गाणी वाजवली आहेत आणि बँडमधल्या कोणालाही काही कमी पडल्यासारखं वाटलं नाही. उलट आमची गायिका म्हणाली, "अगं, आता तू क्रॅश मारलीस की मला माझा आवाज तरी ऐकू येतो."

हे तिचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, कारण बँड प्रॅक्टिससाठी किट घेताना आपण एक गोष्ट पार विसरतो, की आपण एकटे वाजवणार नाही आहोत. छोट्या खोलीत ड्रम वाजायला लागले की गिटारवाला अँप वाढवतो, मग बेस वाढतो, मग माईक शिट्टी मारायला लागतो, आणि शेवटी कोणालाच काही ऐकू येत नाही. ड्रमला व्हॉल्यूमचं बटण नसतं. त्यामुळे किट निवडतानाच खोलीचा विचार करायचा. पाच पीसपेक्षा चार पीस, किक म्हणजे बास ड्रम, स्नेअर, एक टॉम, एक फ्लोअर टॉम. किक २२ इंचाऐवजी २० इंची असली तर आवाज आवरतो, जागा कमी लागते आणि कोणाच्या तरी गाडीत सहज जाते. लहान किटवर मोठा आवाज निघत नाही ही पण नुसती समजूत आहे. १९६४ च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर पहिल्यांदा थेट वाजवायला आले तेव्हा रिंगो स्टार चार पीसच्या लुडविग किटवर वाजवत होता आणि त्याची किक २० इंचीच होती. आमच्या जुन्या पाच पीसमधला एक टॉम मी कधीच काढून ठेवला, राईड जवळ आली, खांदा दुखायचा थांबला.

आवाजावरून आणखी एक, आणि हे मी अगदी काकुळतीने सांगते, कानात घालायचे प्लग किटच्या बजेटमध्येच धरा. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरली जाते आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. बंद खोलीत क्रॅश आणि स्नेअर १०० च्या वर आरामात जातात. प्रॅक्टिसनंतर रात्री उशीला डोकं टेकवल्यावर कानात तो बारीक सूं आवाज येत राहतो ना, तो मी दोन वर्षं मनावरच घेतला नाही. आता प्लगशिवाय बसत नाही आणि बँडमधल्या कोणाला बसू देत नाही. कापसाचे बोळे नकोत, संगीतकारांसाठी वेगळे मिळतात, ते आवाज बुजवत नाहीत, नुसता सगळा सारखा खाली आणतात.

पेडल आणि स्टूल. स्टूलला आम्ही थ्रोन म्हणतो आणि ते नाव त्याला शोभतं. तीन पाय दुहेरी पट्टीचे, उंचीचा नट आणि त्याखाली ठरवलेली उंची पक्की धरणारं मेमरी लॉक, आणि बसल्यावर मांड्या गुडघ्याकडे किंचित उतरत्या. कमरेचा प्रश्न आहे, इथे एक पैसाही वाचवू नका. पेडल चेनचं असो वा पट्ट्याचं, हाताने बीटर मागे ओढून सोडून द्या, तो किती वेळ झुलतो बघा, लगेच अडखळून थांबला तर बेअरिंग जड आहे. डबल पेडलचा मोह आधी नको, त्याच पैशात एक उत्तम सिंगल येतं. हाय-हॅट स्टँडचंही तसंच. सिंबलचे स्टँड मात्र साधे चालतात, फक्त त्या दांड्यावर प्लास्टिकची नळी आणि वरखाली फेल्ट म्हणजे नमद्याच्या चकत्या आहेत ना बघा. ती दोन मिनिटांत बसणारी नळी नसली की सिंबलचं भोक धातूवर घासून घासून किल्लीच्या भोकासारखं लांबट होतं आणि एक दिवस तिथूनच तडा जातो. चांगली सिंबल अशी गेलेली मी स्वतः पाहिली आहे आणि जिवाला लागलं होतं.

कमी पैशात सगळ्यात चांगला रस्ता वापरलेलं किट हाच आहे. पर्ल एक्सपोर्ट १९८२ पासून येतंय, यामाहाचं बर्चचं स्टेज कस्टम, टामाचं इम्पिरियलस्टार, ही किटं इतकी विकली गेलीत की जुनी मिळत राहतात आणि शेल खराब व्हायचं कारणच नसतं, कोणी ओलाव्यात ठेवलं नाही म्हणजे झालं. पण बघायला जाताना खिशात ड्रम की ठेवा आणि मोबाईल चार्ज करून न्या. मी एकदा एक जुना स्नेअर बघायला गेले होते, बाहेरून अगदी नवा, मालक पण चांगला माणूस होता. मी विचारलं, "हेड काढून बघितलं तर चालेल ना?" तो म्हणाला बघा की. दोन्ही हेड काढली, शेल काचेच्या टेबलावर ठेवला, खोलीतला दिवा घालवला आणि मोबाईलचा टॉर्च लावून शेलच्या आत ठेवला. कड सपाट असेल तर खालून उजेड येता कामा नये. इथे एका जागी नखाएवढ्या लांबीची उजेडाची रेघ बाहेर पडत होती, कधीतरी पडून कड चेपली असणार. तो स्वतःच म्हणाला, "अहो, बरोबर त्याच रॉडजवळ तो कधी ट्यूनच होत नव्हता!" त्याला माहीतच नव्हतं. तो नाही घेतला. पुढच्या महिन्यात एक १४ बाय साडेपाच इंचाचा स्टीलचा मिळाला, कड ठीक, शेल गोल, तारा लावायचा-सोडायचा थ्रो-ऑफचा खटका खाली-वर करताना अडकत नव्हता, सगळे रॉड हाताने फिरत होते. खालच्या तारा चार ठिकाणी वाकल्या होत्या, पण तारा नव्या बसवता येतात आणि त्या स्वस्त असतात. तोच स्नेअर आज माझा मुख्य आहे. बँडमध्ये स्टीलचा स्नेअर गिटारच्या वरून स्पष्ट ऐकू येतो, त्यामुळे लाकडाचाच हवा असा हट्ट धरू नका.

वापरलेली सिंबल घेताना कडेवरून बोटाचं नख हळू हळू पूर्ण गोल फिरवा, डोळ्याला न दिसणारी चीर नखाला लागते. आणि मधलं भोक बघा, वर सांगितलं तसं.

इलेक्ट्रॉनिक किटबद्दल लोक विचारतात. घरी रात्री हेडफोन लावून सराव करायला छान आहे, जाळीची हेड असतील तर हातालाही बरं लागतं, पण बँडबरोबर वाजवायचं म्हणजे त्याला वेगळा स्पीकर लागतो आणि तो चांगला दणकट लागतो, तो खर्च कोणी आधी धरत नाही. शिवाय किकचा धक्का जमिनीतून खालच्या मजल्यावर जातोच. शेजाऱ्यांचा प्रश्न अगदीच मोठा असेल तर घ्या, नाहीतर एवढ्या बजेटमध्ये नको.

आणि ज्यांची प्रॅक्टिसची जागा भाड्याची आहे आणि तिथे आधीच किट उभं आहे, त्यांनी तर पूर्ण किट घेऊच नये असं मला वाटतं. अशा ठिकाणी ड्रमरने स्वतःचं न्यायचं असतं ते म्हणजे स्नेअर, सिंबल आणि किक पेडल, याला ब्रेकेबल्स म्हणतात. तेवढंच आधी चांगल्यातलं घ्या, एकेक करून. कुठल्याही खोलीत कुठल्याही किटवर बसलात तरी तुमचा हात आणि तुमचा आवाज तुमच्याबरोबर येतो. शेल नंतर कधीही मिळतात, आणि नुसते शेल वेगळे पण मिळतात, त्याला शेल पॅक म्हणतात, त्यात सिंबल स्टँड काही नसतं, जाहिरात वाचताना हे बघून घ्या, नाहीतर फोटो भरगच्च आणि हातात चारच ड्रम.

एक राहिलं, सतरंजी. किक पुढे सरकत जाते आणि आपण गाणंभर पायाने तिला पकडत बसतो. किटखाली जाड सतरंजी किंवा कार्पेटचा तुकडा, आणि सगळं एकदा मनासारखं लागलं की प्रत्येक पायाभोवती टेपने खूण करून ठेवा, पुढच्या वेळी पाच मिनिटांत किट उभं.

तर त्या मुलीला मी सांगितलं की त्या चारपैकी एकही नको. तिच्या प्रॅक्टिसच्या खोलीत एक जुनं किट आहेच, सिंबल फुटलेले आणि स्टूल डुगडुगतंय, पण शेल ठीक दिसतात, मी फोटो मोठा करून बघितला. ती जरा हिरमुसली, तिला तो लाल रंग फार आवडला होता, ते मला कळतं. मग म्हणाली, "ताई, मग हाय-हॅट बघायला तू येशील का?" रविवारी जातोय आम्ही. की माझ्याकडे आहे, तिला फक्त तिच्या रोजच्या स्टिक्स आणायला सांगितल्यात, कारण दुकानातल्या स्टिक्सने मारून घेतलेली सिंबल आपल्या स्टिक्सने वेगळीच वाजते.